तळ्याकाठची बाजरी

बंदुकीपासून पाखरं वाचवायची असतील तर त्यांना दुसरीकडे पोटभर जेवायला घालावं, हा शोध मी वयाच्या एकसष्टाव्या वर्षी लावला. लावणाऱ्या बाईला आपल्या हुशारीचं इतकं कौतुक होतं की तिने तो कुणाला सांगितलासुद्धा नाही. ती बाई म्हणजे मीच. आता सत्तरीला टेकले आहे, आणि तिची आठवण काढली की हसू येतं. निदान सुरुवातीला तरी येतं.

त्या उन्हाळ्यात मी अमेरिकेत, कॅरी नावाच्या गावी लेकीकडे होते. आमचे हे गेल्यावर ठाण्याच्या फ्लॅटला कुलूप लावून आले होते. लेक नि जावई सकाळी आपापल्या गाड्या काढून कामाला जात, आणि घरात उरायचो मी आणि बारा वर्षांची नात. तिला शाळेची सुट्टी होती. जावई अमेरिकन. त्याचे वडील, म्हणजे माझे व्याही, तासाभराच्या अंतरावर आपल्या शेतावर एकटे राहत. विहीणबाई मी बघायच्या आधीच गेलेल्या. नात त्यांना पॅपॉ म्हणायची, इकडच्या खेड्यांतून आजोबांना तसंच म्हणतात. आणि व्याही मला म्हणायचे ‘मिस आजी’. बाईमाणसाच्या नावाआधी आदराने मिस लावायची त्यांची रीत. माझं नाव आजी नाही, हे त्यांना कधीतरी सांगायचं राहूनच गेलं. मग ते आवडायलाच लागलं.

ऑगस्टमध्ये नात आणि मी शेतावर मुक्कामाला गेलो. कारण होतं होल्यांची शिकार.

सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी तिकडे होल्यांचा मोसम उघडतो. व्याही त्यासाठी दरवर्षी सूर्यफूल पेरायचे. ऑगस्टमध्ये त्यातले पट्टे कापून पाडले की बिया जमिनीवर सांडतात आणि होले उतरू लागतात. मग त्या शनिवारी शेजारपाजारचे, चर्चमधले लोक येणार, दुपारी झाडाखाली डुकराचं मांस नि कोबीची कोशिंबीर जेवणार, आणि ऊन कलायला लागलं की उलट्या बादल्यांवर बसून आकाशाकडे बघणार. व्याह्यांच्या वडिलांपासून हे चाललेलं. पण जावयाला लहानपणापासून बंदूक नको वाटायची. म्हातारबाबांनी कधी जबरदस्ती केली नाही आणि विसरलेही नाहीत.

त्या वर्षी शेत विकलं गेलं होतं. हिवाळ्यात तिथे बुलडोझर येणार, घरांची कॉलनी होणार. शिवाय व्याह्यांचे हात थरथरायला लागले होते. कॉफीचा कप ते दोन्ही हातांनी धरायचे आणि तरीही थोडी बशीत सांडायची. नातीने हे सगळं पाहिलं आणि एका रविवारी जेवताना म्हणाली, “पॅपॉ, आय विल डू इट. टीच मी.” म्हातारबाबांनी काटा खाली ठेवला. उठून मागच्या अंगणात गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत.

म्हणजे तो शनिवार हा त्या शेताचा शेवटचा आणि तिचा पहिला. दुसरा काही मिळणार नव्हता. हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं आता म्हणता येणार नाही.

पण होले! ठाण्याला आमच्या गॅलरीत मोगऱ्याच्या कुंडीत होलिणीने घरटं केलं तेव्हा ह्यांनी पिल्लं उडेपर्यंत मोगऱ्याला पाणी घालू दिलं नव्हतं. मोगरा वाळला. ह्यांचं म्हणणं, मोगरा नवा आणता येईल. तेव्हापासून रोज सकाळी होल्यांना मूठभर बाजरी घालायची, हे गेल्यावरही मी तो नेम मोडला नाही. इकडचा होला जरा लांबट, शेपटीला टोकदार, पण तोच भोळा चेहरा आणि तीच मान हलवत चालायची तऱ्हा. घुमतो मात्र वेगळा. घुमतो कसला, हुंदके देतो. भल्या सकाळी शेतावरच्या तारेवर बसून एक जण असा रडायचा की वाटायचं, ह्याला कुणीतरी उद्याचं आजच सांगितलंय.

आता तुम्ही म्हणाल, बाई शाकाहारी असेल. छे! मी अलिबागची. एका हाताने होल्यांना दाणे टाकावे आणि दुसऱ्या हाताने पापलेट साफ करावं, ह्यात मला कधी विसंगती दिसली नाही. नातीने मात्र पाहिली.

“आजी, यू ईट फिश.”

“मासे वेगळे.”

“हाऊ?”

“मासे गॅलरीत येऊन अंडी घालत नाहीत,” मी म्हटलं. तिने डोळे फिरवले. वादात हरलं की आवाज चढवायचा, ही माझी तेव्हाची पद्धत होती. आताची पद्धत अशी की, ऐकू आलं नाही असं दाखवायचं.

शिकवणी संध्याकाळी चालायची. व्याही खुर्चीत बसून एका यंत्राने मातीच्या तबकड्या हवेत उडवायचे आणि नात आपल्या छोट्या शॉटगनने त्या फोडायची. फोडायची म्हणजे आधी आठवडाभर नुसती आकाशाला घाबरवायची. पण त्यांची चिकाटी दांडगी. “पाखरू आहे तिथे मारू नकोस, जाणार आहे तिथे मार.” “खालून उडणाऱ्याला हात लावायचा नाही, पलीकडे माणूस असतो.” आणि रोज उठून एकच: “पडलेलं पाखरू डोळ्यांनी धरून ठेवायचं. ते सापडल्याशिवाय दुसऱ्याकडे बघायचं नाही. आणि सापडलं ते खायचं. हे जमणार नसेल तर बंदूक घरी.”

“तुम्हीपण एक उडवा, मिस आजी,” एकदा ते म्हणाले.

“मी जत्रेत फुगे फोडलेत,” मी म्हटलं आणि पदर खोचल्याच्या आवेशात ओढणी खोचली. पुढचं काय सांगू? तबकडी सुखरूप जमिनीवर उतरली आणि मी माझ्या बुडावर. खांदा आठवडाभर वांग्याच्या रंगाचा होता. नात इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. त्या हसण्यावर मी अजून जगते आहे म्हटलं तरी चालेल, कारण पुढे बरेच दिवस ते ऐकू आलं नाही.

तर, शोध. सूर्यफुलाच्या शेतामागे एक तळं होतं. तळ्याच्या कडेला उघडी, वाळूची जमीन. मी रोज पहाटे तिथवर फिरायला जायची. मनात हिशेब मांडला: शिकारी बसणार सूर्यफुलाच्या बाजूला. होल्यांची पोटं इकडे तळ्याशीच भरली तर ते तिकडे कशाला तडमडतील? कॅरीच्या इंडियन दुकानातून मी बाजरीच्या दोन मोठ्या पिशव्या आणलेल्या होत्या. लेकीला वाटलं, आई भाकऱ्या करणार. मी रोज खिसे भरून न्यायची आणि ह्यांची आठवण काढत वाळूत फेकायची. तेवढं पुण्यही पदरात.

होल्यांना काय हवं असतं, हे मला नंतर कळलं. मोकळी जमीन, जवळ पाणी, बसायला एखादं वठलेलं झाड. तळ्याकाठी तिन्ही होतं. फक्त दाणा कमी होता, तो मी पुरवला. आठवड्यात तारा वाकतील एवढे होले आले. तळ्यावर जेवायचे आणि तोंडी लावायला सूर्यफुलात जायचे. व्याही दुर्बीण लावून बघायचे आणि थरथरत्या हाताने मला दाखवायचे. “बघा, मिस आजी! माझ्या वडिलांच्या वेळी असे यायचे. शेताला कळलंय बहुतेक, शेवटचं वर्ष आहे ते.”

मी हो म्हटलं. मला वाटलं, अजून थोडी बाजरी टाकायला हवी.

शाळा उघडली, आम्ही कॅरीला परतलो. शनिवार तोंडावर आलेला. शिकारीचा ऑनलाइन अभ्यासक्रम असतो, त्याची परीक्षा नातीला द्यायची होती. मी ओट्याशी भेंडी चिरत होते, ती टेबलावर लॅपटॉप घेऊन.

“आजी, क्विझ मी.”

मी हात पुसून चष्मा लावला आणि प्रश्न वाचला. पुढीलपैकी कशामुळे शेतात होल्यांची शिकार करता येत नाही? उगवलेलं सूर्यफूल कापून पाडल्यामुळे, मका काढून झाल्यामुळे, की गहू आणून पसरल्यामुळे?

“पहिलं,” मीच उत्साहाने उत्तर दिलं. “पाडलेलं सूर्यफूल. तुझे पॅपॉ पकडले जाणार बघ!”

“नो, आजी. ते अलाउड आहे, कारण तिथेच उगवलंय. थर्ड वन. बाहेरून दाणा आणून टाकला तर ते आमिष. मग सगळा उचलला तरी टेन डेज शूट नाही करायचं.”

“थोडासाच टाकला असेल तर?”

“डझन्ट मॅटर.”

“आणि कुणाला माहीतच नसेल तर?”

“आजी, क्वेश्चन फाइव्ह.”

“गव्हाचं लिहिलंय. बाजरीचं काही नाही ना?”

तिने लॅपटॉपवरून मान वर केली. “व्हॉट बाजरी?”

काही माणसं खोटं बोलायला जन्मतात आणि काहींच्या तोंडाला झाकणच नसतं. मी भेंडीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि भडाभडा सांगून टाकलं. तळं, वाळू, खिसे, सगळं. अगदी ह्यांचा मोगराही सांगितला. तो कशाला सांगितला देव जाणे. ती ऐकत राहिली. बारा वर्षांच्या मुलीचा चेहरा इतका म्हातारा होऊ शकतो, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

“यू डिड इट ऑन पर्पज.”

“अगं, मला कायदा कुठे ठाऊक होता?”

“पण तुला हवं होतं ना, मी नाही जायला?”

कायदा ठाऊक नव्हता, पण इच्छा होती, आणि आता नेमकं मला हवं तेच होणार होतं. कोणत्या तोंडाने सांगायचं की हे मला असं नको होतं? ती खोलीत गेली. दार आपटलंसुद्धा नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

लेक घरी आल्यावर कपाळावर हात मारून म्हणाली, “आई, तू ना...” आणि वाक्य तिथेच सोडून दिलं. जावई बापडा समजूत काढत होता. डॅडना सांगायचं नाही, तळ्याकडे कोण जाऊन बघतंय, एका दिवसाचा तर प्रश्न. पण मी आधीच त्यांना फोन लावून सगळं सांगून टाकलं होतं, आणि फोन स्पीकरवर होता. पलीकडून नुसते रातकिडे ऐकू येत होते.

“किती टाकलीत, मिस आजी?” शेवटी आवाज आला.

“दोन पिशव्या. मोठ्या.”

“हं. तरीच.” शेताला वगैरे काही कळलेलं नव्हतं, एवढं त्या एका शब्दात त्यांना कळलं होतं, आणि ते त्यांच्याकडून मीच काढून घेतलं होतं. मग मुलाला म्हणाले, “कुणी बघणार नाही, खरंय. पण पोरीला माहीत झालंय. शिकारीतली पहिली गोष्ट म्हणून गप्प बसायला नाही शिकवायचं मला तिला.” आणि मला म्हणाले, “उद्या झाडू घेऊन या.”

आयुष्यभर धान्यातून खडे निवडले. दुसऱ्या दिवशी खड्यांतून धान्य निवडलं. व्याह्यांनी जनरेटरला वर्कशॉपमधला मोठा व्हॅक्यूम जोडला होता. तो त्यांच्या हातात इतका थरथरत होता की यंत्र थरथरतंय की माणूस, कळत नव्हतं. मी गुडघ्यांवर बसून चाळणीने वाळू चाळत होते. समोर तारेवर होले ओळीने बसून बघत होते, आमचं ताट का उचलताय म्हणून. व्याह्यांनी सगळ्यांना फोन करून टाकले होते. काय कारण दिलं, मी विचारलं.

“यंदा शेत तयार नाही म्हणालो.”

“माझं नाव सांगायचं होतं.”

“कशाला? तुम्ही काही दरवर्षी येणार नाही,” ते म्हणाले. मग त्यांच्याच लक्षात आलं की दरवर्षी आता ते स्वतःही इथे नसतील. त्यांनी व्हॅक्यूम पुन्हा सुरू केला.

शनिवारी आम्ही तरीही गेलो. नातीला यायचं होतं, पण मी बसले त्या गाडीत नाही. दुपारपासून शेजारच्या शेतांतून बार ऐकू येऊ लागले आणि तिकडचे सगळे होले आमच्याकडे लोटले. सूर्यफुलावर, तळ्यावर, व्याह्यांच्या छपरावर होलेच होले. बंदूक कुणाच्या हातात नाही. माझी योजना शंभर टक्के यशस्वी झाली होती. असा विजय शत्रूलाही मिळू नये. नात व्याह्यांच्या ट्रकच्या मागच्या फळीवर कानाला संरक्षक लावून बसली होती. बार लांबचे होते, त्यांची गरज नव्हती. मी हाक मारली तर ऐकू येऊ नये म्हणून लावले असावेत. व्याही तिच्या शेजारी बसून एकेका पाखराकडे बोट दाखवत होते: हा लांब आहे, हा खाली आहे, हा... हा बरोबर होता.

दहा दिवस उलटून गेल्यावरच्या शनिवारी आम्ही पुन्हा गेलो. मधे दोन रात्री गार वारं सुटलं होतं आणि होले दक्षिणेला निघून गेले होते. तारा रिकाम्या. चर्चचे लोक दुसऱ्या शेतांवर गेले. तीन बादल्या मांडल्या. मी लेकीचा खाकी शर्ट पंजाबी ड्रेसवर चढवला होता, कारण भडक रंग पाखराला लांबून दिसतो म्हणे. मी गुलाबी राहिले असते तरी चाललं असतं, बघायला पाखरू होतं कुठे? नातीच्या एका बाजूला व्याही, दुसऱ्या बाजूला मी. दोन आठवड्यांत ती माझ्याशी पोळी, बस आणि गुड नाइट एवढंच बोलली होती.

ऊन उतरलं. सूर्यफुलांच्या काळ्या माना खाली लोंबत होत्या. आणि तळ्याकडून एकच होला आला, उंच, घाईत, मागे राहिलेल्या माणसासारखा.

मी मनात म्हणत होते, चूक, चूक, चूक. आणि त्याच श्वासात म्हणत होते, लाग बाई एकदाचा. दोन्ही मीच म्हणत होते.

“थांब,” व्याही पुटपुटले. “थांब... आता.”

बार झाला. होला हवेत दुमडला आणि कापलेल्या दांड्यांत पडला. नातीने नजर हलवली नाही. तशीच, डोळ्यांनी धरून, सरळ चालत गेली आणि वाकली. आम्ही पोचलो तेव्हा तो तिच्या ओंजळीत होता. जिवंत. एक पंख लोंबत होता आणि डोळा आमच्या तिघांकडे आळीपाळीने बघत होता.

तिने ओंजळ पॅपॉंपुढे धरली. त्यांनी हात पुढे केले, आणि ते हात असे हलायला लागले की त्यांनीच मागे घेतले. दोनदा तसं झालं. मग तिने माझ्याकडे पाहिलं.

“आजी.”

दोन आठवड्यांनी तिने मला हाक मारली होती.

मी होला घेतला. “डोकं दोन बोटांत,” व्याही हळू आवाजात म्हणाले, “आणि एकच झटका. दया दाखवून हळू केलंत तर त्याला जास्त त्रास.” पापलेट बाजारातून येतं ते बर्फात, गार, सगळं होऊन गेल्यावर. हे गरम होतं. माझ्या तळहातावर त्याचं काळीज इतकं भरभर उडत होतं की मला वाटलं माझंच उडतंय. वजन म्हणाल तर मूठभर बाजरीएवढं.

मी झटका दिला.

त्या शेतावर त्या मोसमात एकच पाखरू मेलं आणि ते माझ्या हातांनी. सगळ्यांना वाचवायला निघालेली बाई ती.

स्वयंपाकघरातल्या सिंकवर व्याही कसं साफ करायचं ते सांगत होते. छातीच्या हाडाखाली अंगठा घालून वर उचलायचं, सुरीही लागत नाही. नात माझ्या कोपराला टेकून उभी होती. हात धुऊन झाले तरी ती बाजूला झाली नव्हती, आणि मी कोपर हलवत नव्हते. पिसं माझ्या बांगड्यांना चिकटली होती. थोड्या वेळाने व्याही तवा शोधायला गेले. लोण्यावर परतून आम्ही तो तिघांत वाटून खाणार होतो. नियम म्हणजे नियम.

“आजी,” नात म्हणाली, “व्हॉट डिड ही ईट? लास्ट?”

होल्याच्या गळ्याखाली दाण्यांची एक पिशवी असते. मी ती नखाने फोडली. सूर्यफुलाच्या काळ्या बिया निघाल्या, आणि त्यांच्यात दोन-तीन बारीक, गोल, करडे दाणे.

“सूर्यफूल,” मी म्हटलं.

ती बाजरी होती की तळ्याकाठच्या गवताचं बी, ते चष्मा लावला असता तर कळलं असतं. चष्मा माझ्या शर्टाच्या खिशातच होता. मी दाण्यांवर नळ सोडला.